पाणी पिवळं झालं नव्हतं

पोर गेली त्या दिवशी मी रजेवर होते. धसईला माहेरी भावाच्या नातवाचं बारसं होतं. पाळण्याला फुलं बांधत होते, तेवढ्यात पाड्यावरच्या आशाताईचा फोन आला. रेंज मिळावी म्हणून ती टेकाडावर चढली असणार, कारण तिच्या आवाजापेक्षा वाराच जास्त ऐकू येत होता.

"बाई, जुलाब-उलट्यांनी पाडा आडवा झालाय. सकाळी एक पोर गेली. आन् लोकं सुईनीच्या घरावर गेलीत. तिनंच खाल्ली म्हनतात."

मी तेव्हा डोळखांबच्या डोंगरातल्या एका उपकेंद्रात नर्स होते. कागदावर एएनएम, लोकांच्या तोंडी नुसतं बाई. नवरा धरणावर नोकरीला, त्यामुळे घर भातसानगरच्या कॉलनीत. आठवड्यातले पाच दिवस मी वर उपकेंद्रातच काढायची. माझ्याकडे जे पाडे होते त्यांतला हा सगळ्यात लांबचा, ओहोळापलीकडचा. पावसाळ्यात ओहोळ भरला की दोन-दोन दिवस तिकडे जाता येत नसे. श्रावण अर्धा सरला होता, भाताच्या आवण्या उरकल्या होत्या, माणसं घरी होती. कामाला लांब जायची वेळ अजून आली नव्हती, म्हणून पाडा भरलेला होता. त्याचंच वाईट झालं.

बारसं टाकून निघाले. दोन गाड्या बदलून डोळखांब, तिथून एकाच्या मोटरसायकलवर ओहोळापर्यंत आणि पुढे पायी. पोचले तेव्हा दुपार टळत होती.

सुईणीचं घर पाड्याच्या एका टोकाला होतं. कारवीचा कूड, वर कौलं. त्यातली निम्मी कौलं फुटून अंगणात पडली होती. पंधरा-वीस बाप्ये उभे होते, बाया त्यांच्या मागे. भगत एका बाजूला बसलेला, पुढ्यात सुपात तांदळाचे दाणे. त्यानं दाणे पाहून सांगितलं होतं की पाड्यातच कोणी भुताळी आहे, म्हातारी आहे, एकटी आहे. नाव त्यानं घेतलं नव्हतं. नाव लोकांनी घेतलं.

ती दारात बसली होती. सत्तरीच्या पुढची बाई, नवरा जाऊन कैक वर्षं झालेली, मूलबाळ नाही. कपाळाला जखम होती, रक्त वाळून भुवईवर आलं होतं. रडत नव्हती. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती समोर उभ्या असलेल्या माणसांकडे एकेक करून बघत होती. त्यांच्यातले कितीतरी जण तिच्याच हातावर जन्मले होते.

मी तिच्याजवळ जायला लागले तसा एक तरणा गडी आडवा आला. "बाई, तुमी मधी पडू नका. हे तुमच्या दवाखान्यातला नाय."

"कोणाच्या घरात कोण आजारी आहे ते आधी सांग," मी म्हणाले.

"तेच तर. ही जिथं जिथं गेली तिथं तिथं लोकं पडली. पयल्या घरात गेली, मंग दुसऱ्या, मंग तिसऱ्या. आमी काय आंधळे हाओत?"

ते आंधळे नव्हते. हे मला आज लिहून ठेवायचं आहे, कारण नंतर मोठमोठ्या खुर्च्यांवर बसलेल्या माणसांनी त्यांना आंधळं म्हटलं. त्यांनी जे पाहिलं ते खरं होतं. कोणी आजारी पडलं की म्हातारी तिथं जायची. अंग पुसायची, पेज पाजायची, घाण झालेली लुगडी-गोधड्या गोळा करून ओहोळावर न्यायची. दुसऱ्या घरातून हाक आली की तिकडे. ती जाईल तिथं आजार होता, कारण आजार असेल तिथंच ती जात होती. हा क्रम उलटा लावला की माणूस भुताळी होतो. आणि क्रम उलटा लागू नये म्हणून जे त्यांना सांगायला हवं होतं, ते सांगणारी पगारी माणूस मी होते, आणि मी बारशाला गेले होते.

त्या गड्याला मी म्हटलं, "हिला मी घेऊन जाते. उपकेंद्रात कोंडून ठेवते. मग तर पाड्यात रोग थांबेल ना? बघू थांबतो का."

हे बोलल्याची मला अजून लाज वाटते. तिच्यावरचा आळ मी मान्य केल्यासारखं ते होतं. पण त्या घटकेला दुसरं काही सुचलं नाही, आणि त्यांनी वाट दिली. आशाताईनं तिला हाताला धरून नेलं. म्हातारी ओहोळ ओलांडताना एकदाही मागे वळली नाही.

मग मी पोर गेली होती त्या घरात गेले. चार वर्षांची मुलगी. तिला दुपारीच पुरून आले होते. तिची आई भिंतीला टेकून बसली होती, बावीस-तेवीस वर्षांची असेल. तिलाही रात्रीपासून जुलाब होते. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. मनगटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती. मी नाडी पाहायला हात धरला, तर तिनं तो काढून घेतला. तिला जगायचं नव्हतं. तिच्या नवऱ्यानं आणि मी तिला उचलून शाळेत नेलं.

शाळेचे दोन वर्ग म्हणजे आमचा दवाखाना झाला. प्राथमिक आरोग्य केंद्रातला तरुण डॉक्टर संध्याकाळच्या आत येऊन पोचला. नुकताच शिकून आलेला, बॉण्डवर नेमलेला, मिशी नीट न फुटलेला. पण पोरगा कामाचा निघाला. खिडकीच्या गजांना सुतळीनं सलाईनच्या बाटल्या बांधल्या. बाकं भिंतीला लावून जमिनीवर प्लास्टिक अंथरलं. ज्यांना पिता येत होतं त्यांना मीठ-साखरेचं पाणी घोट-घोट. पुढच्या दोन दिवसांत आणखी कोणी गेलं नाही, पण एक म्हातारा इतका सुकला की त्याला झोळीत घालून चार जणांनी ओहोळाच्या पार नेला, आणि तिथून जीपनं खाली. तो वाचला.

डॉक्टर मला हळूच म्हणाला, "सिस्टर, जुलाबाचा रंग बघितलात? तांदळाच्या धुवणासारखा. मला कॉलरा वाटतोय."

मलाही तेच वाटत होतं. ते आम्हाला शिकवलेलं असतं. पण माझ्या डोक्यात त्या वेळी जो शब्द आला तो कॉलरा नव्हता, पटकी होता. माझ्या वडिलांचा शब्द.

वडील मुरबाडकडच्या गावातले, भातशेतीवाले. त्यांच्या लहानपणी त्यांच्या गावात पटकी आली होती. ते सांगायचे की गावानं मरीआईचा छोटासा लाकडी गाडा केला, त्यात हळद-कुंकू, हिरवी चोळी, भात, कोंबडं ठेवलं आणि तो वाजतगाजत शिवेवर नेऊन पलीकडे ढकलला. पलीकडच्या गावची माणसं काठ्या घेऊन उभी होती. त्यांनी तो परत ढकलला. शेवटी दोन्ही गावांच्या मध्ये, कोणाच्याच नसलेल्या जागी, गाडा पडून राहिला, आणि कोंबडं ओरडत राहिलं. वडिलांचा धाकटा भाऊ त्या पटकीत गेला. ते म्हणायचे, "गाडा पलीकडं गेला असता तर वाचला असता." नर्सिंग शिकलेल्या मुलीसमोरही ते हे ठामपणे म्हणायचे.

आणि आईच्या तोंडावर देवीचे व्रण होते. तिला कोणी विचारलं, तर "आई येऊन गेल्या" एवढंच सांगायची. आई येऊन गेल्या, म्हणजे पाहुण्या आल्या, राहिल्या, गेल्या. त्यांच्यावर चिडायचं नसतं. गोवर आला तरी ती आम्हाला कडुनिंबाच्या पाल्यावर निजवायची आणि घरात कोणाला फोडणी घालू द्यायची नाही, कारण आईंना वास सोसत नाही.

नर्सिंगच्या शाळेत मी या गोष्टी सांगितल्या तेव्हा वर्ग हसला. मीही हसले. आमच्या बाईंनी मग सांगितलं की हसू नका, साहेब लोकांनाही पूर्वी वाटायचं की पटकी घाणेरड्या वाफेनं, वाईट हवेनं होते, आणि तेही ग्रंथ वाचलेले होते. पाण्यातून येते हे माणसाला फार उशिरा कळलं. मला ते वाक्य तेव्हा आवडलं होतं. आता कळलंय, मग झालं, असं वाटलं होतं. कळल्यावरही माणूस काय करू शकतो याची तेव्हा कल्पना नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर गेले.

पाड्याची विहीर ओहोळाच्या काठाला आहे. वरच्या अंगाचा कठडा आदल्या पावसाळ्यात पडला होता. ओहोळ चढला की गढूळ पाणी सरळ आत. ओहोळाच्या वरच्या बाजूला लोक परसाकडे जात. सरकारी संडास बांधलेले होते, पण त्यांना पाणी नव्हतं, म्हणून त्यांत लाकडं आणि गवत रचलेलं. आणि आजाऱ्यांची लुगडी धुतलेला दगड विहिरीपासून हाकेच्या अंतरावर. कठडा बांधा, असं मी दोनदा लेखी कळवलं होतं. दोन्ही अर्जांची पोच माझ्याकडे होती, शिक्क्यासकट.

विहिरीत जंतू मारायची पावडर टाकतात, टीसीएल म्हणतात तिला. ती टाकायचं काम ग्रामपंचायतीचं. ती खरंच पडली की नाही हे तपासायचं काम आमचं. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, त्यात ओ.टी. नावाच्या औषधाचे थेंब सोडायचे. पाणी पिवळं झालं तर पावडर आहे. नाही झालं तर नाही. शाळेतल्या पोरालाही कळेल एवढी सोपी गोष्ट.

मी नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. पाणी जसंच्या तसं राहिलं.

पंचायतीच्या माणसाला बोलावलं. तो म्हणाला, "पोतं भिजलं होतं बाई. दगड झाला होता त्याचा. तोच फोडून फोडून टाकत होतो."

"कधीपासून?"

मी उत्तरासाठी थांबले नाही. कारण माझ्या पिशवीत ओ.टी.चं रजिस्टर होतं, आणि त्यात गेल्या तीन आठवड्यांत या विहिरीच्या नावासमोर माझ्या अक्षरात 'पिवळा' असं लिहिलेलं होतं. ओहोळ भरलेला होता. मी उपकेंद्रात बसून त्याला फोन केला होता, तो "टाकली बाई, टाकली" म्हणाला होता, आणि मी लिहून टाकलं होतं. सगळेच तसं लिहितात. महिनाअखेर रजिस्टर कोरं दिसलं तर वरून ओरडा पडतो, आणि पाण्याचा रंग बघायला वरचं कोणी ओहोळ ओलांडत नाही. हे सगळं खरं आहे. पण पोर चार वर्षांची होती, हेही खरं आहे.

त्याच दुपारी आरोग्य खात्याचे वरचे साहेब आले. गाडी ओहोळाशी ठेवून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, दोघा शिपायांचा हात धरून पार झाले. शाळेत फिरले, माझं रजिस्टर मागून चाळलं. मग डॉक्टरला आणि मला व्हरांड्यात घेऊन विचारलं, "चार-पाच दिवसांत इथं कोणाकडे जेवण वगैरे झालं होतं का? दिवसकार्य? लग्न?"

"श्रावणात लग्न कुठलं, साहेब," मी म्हणाले. "एका घरी दिवसाचं जेवण होतं. पण आजारी पडलेल्या निम्म्या घरांतलं तिथं कोणी गेलंच नव्हतं."

"म्हणजे जेवण होतं."

"साहेब, विहिरीत पावडर नाही. मी तपासलंय."

"ते आपण बघू. शिळं अन्न, ताडी, उघड्यावर बसणं. या लोकांचं अज्ञान. वर्षानुवर्षं सांगतो, ऐकत नाहीत. त्यात हे भुताळीचं प्रकरण. पेपरवाल्यांना तेच पाहिजे असतं."

डॉक्टर म्हणाला, "सर, मला कॉलरा वाटतो. नमुने पाठवलेत."

साहेब त्याच्याकडे वळले. "रिपोर्ट येईपर्यंत तो शब्द तोंडातून काढायचा नाही. गॅस्ट्रो लिहा. आणि सिस्टर, तुमचं रजिस्टर मी बघितलंय. पाणी पिवळं आहे तुमच्या रजिस्टरमध्ये. मग पाण्याचा प्रश्न येतोच कुठं?"

ते अगदी सहज बोलले. त्यांना सगळं कळलं होतं. पाणी कशानं बिघडलं, पावडर का नव्हती, रजिस्टर कसं भरलं जातं, सगळं. भगताला कळत नव्हतं म्हणून त्यानं दाणे पाहिले. साहेबांना कळत होतं, आणि त्यांनीही दाणेच पाहिले, फक्त त्यांच्या सुपात माझं रजिस्टर होतं. भगतानं एका म्हातारीकडे बोट दाखवलं. त्यांनी अख्ख्या पाड्याकडे दाखवलं. मला भगताचा राग येतो, अजून येतो. पण त्या व्हरांड्यातला राग वेगळा होता.

मी म्हणाले, "रजिस्टर खोटं आहे, साहेब. मी भरलंय ते, मला माहीत आहे."

"विचार करून बोला, सिस्टर. रिटायरमेंटला किती वर्षं राहिली?"

ते गेले. ओहोळ ओलांडताना त्यांचा बूट भिजला म्हणून शिपायावर ओरडले, तेवढंच ऐकू आलं.

रात्रभर विचार केला, असं लिहिलं तर बरं दिसेल, पण तसं झालं नाही. मी दमलेली होते, शाळेच्या ओट्यावर झोपून गेले. सकाळी उठले तेव्हा ठरलेलंच होतं.

डॉक्टरनं केंद्रातून कोरडी, ताजी पावडर मागवली होती. मी आशाताईला सांगून जे जे उठू शकत होते त्यांना विहिरीवर बोलावलं. भगतालाही. तो आला, लांब उभा राहिला. पोरीची आई नवऱ्याचा खांदा धरून आली. सलाईनची पट्टी अजून हातावर होती.

मी पोहऱ्यानं पाणी काढलं, नळीत घेतलं, थेंब टाकले, आणि नळी सगळ्यांना हातात दिली. "काय रंग आहे?"

"रंग नाय. पान्यासारखा पानी," एक जण म्हणाला.

मग पावडर कालवून विहिरीत सोडली. तासभर थांबलो. कोणी घरी गेलं नाही. पुन्हा पाणी काढलं, पुन्हा थेंब टाकले. नळीतलं पाणी पिवळं झालं, लिंबाच्या सालीसारखं. नळी पुन्हा हातोहात फिरली. बायांनी पोरांना दाखवली.

मी सांगितलं की रोग पाण्यातून आला. ओहोळाचं पाणी विहिरीत शिरलं, त्यातून जंतू आले, आणि पावडर असती तर ते मेले असते. म्हातारीचा यात काही संबंध नाही. ती तुमचीच घाण धूत होती.

मग पोरीच्या आईनं विचारलं, "बाई, ही पावडर आदी टाकली असती तर माजी पोर जगली असती?"

मी नर्सिंगच्या शाळेत शिकले, पंचवीस वर्षं नोकरी केली, पण या प्रश्नाचं उत्तर कसं द्यायचं ते कोणी शिकवलेलं नव्हतं. आईंनी नेली, असं म्हणता येतं. भुताळीनं खाल्ली, असंही म्हणता येतं. त्यात निदान आपल्याहून मोठं कोणीतरी असतं. एका भिजलेल्या पोत्यापायी गेली, हे कसं सांगायचं?

"हो," मी म्हणाले. "बहुतेक जगली असती."

"टाकायची कोनी होती?"

"पंचायतीनं."

"आन् टाकली का नाय ते बघायचा कोनी होता?"

"मी. मी न बघता सही केली. तीन आठवडे."

मला वाटलं शिव्या देईल, अंगावर येईल. मी तशी तयार होते. जे दगड म्हातारीच्या कौलांवर पडले ते खरं तर कुठं पडायला हवे होते, हे आता सगळ्यांना कळलं होतं. पण ती फक्त नवऱ्याला म्हणाली, "चल, घरी ने मला." आणि जाता जाता माझ्या हातातली नळी तिनं काढून घेतली. पिवळ्या पाण्यासकट घेऊन गेली. मी मागितली नाही.

त्या आठवड्यात मी जे झालं ते लिहून वर पाठवलं. कठड्याचे दोन अर्ज जोडले, पोचा जोडल्या, आणि रजिस्टरमधल्या माझ्या तीन नोंदी खोट्या आहेत असंही लिहिलं. काही दिवसांनी नमुन्यांचा रिपोर्ट आला. डॉक्टरला तो फोनवर कळला, कागद आम्हाला कधी दिसला नाही. कॉलराच होता. तोवर पाड्यातली साथ आटोपली होती आणि कागदोपत्री गॅस्ट्रोच राहिला, दिवसाच्या जेवणातून झालेला. कारवाई एकावरच झाली, माझ्यावर. कारणे दाखवा नोटीस आली, त्यात लिहिलं होतं की कर्तव्यात कसूर केल्याची आपण लेखी कबुली दिली आहे. ते बरोबरच होतं. ज्यांनी कबुली दिली नाही त्यांच्या कसुरीचा पुरावा नव्हता. साहेब वर्षभरात बढतीवर दुसरीकडे गेले.

नवरा म्हणाला, "तू लिहून द्यायला नको होतंस. त्यानं ती पोर परत आली का?" तो वाईट माणूस नाही. पण आमच्या कॉलनीत नळाला गाळलेलं, औषध टाकलेलं पाणी येतं, त्याच्या ऑफिसात ते रोज तपासतात, आणि धरणाचं पाणी तर डोंगर उतरून मुंबईच्या घराघरांत जातं, तिथंही तपासतात. त्या पाण्याचा रंग कोणी फोनवर विचारून लिहीत नाही. मी त्याला हे म्हणाले. त्या दिवशी आम्ही एकमेकांशी फार वाईट बोललो.

म्हातारी माझ्याकडे उपकेंद्रात सव्वा महिना राहिली. कपाळाची जखम भरली. ती सकाळी उठून अंगण झाडायची, माझ्या आधी चूल पेटवायची. मी नको म्हणायचे, ती ऐकायची नाही. बाळंतपणं करायची म्हणून तिच्या काही सवयी होत्या. कुठल्याही कामाआधी गरम पाणी आणि राख घेऊन कोपरापर्यंत हात धुवायची, नखांत काडी फिरवायची. मी एकदा विचारलं, हे कोणी शिकवलं? म्हणाली, "माज्या आयनं. तिला तिच्या आयनं. कशाला ते कोनी नाय सांगला. हात धुतल्याबिगर पोटुशीला शिवायचा नाय, एवडाच." तिच्या पाड्यातल्या बाळंतिणी तापानं फारशा गेल्या नव्हत्या. माझ्या जुन्या रजिस्टरांतही तेच दिसतं, आणि ती नोंद खरी आहे.

गणपती झाल्यावर पोरीची आई तिला न्यायला आली. एकटीच आली होती. दारात उभी राहून म्हणाली, "आये, चल घरी. कौलं लावलीत." म्हातारी उठली, गाठोडं बांधलं आणि गेली. दोघी ओहोळाच्या वाटेनं पुढे-मागे चालत गेल्या. भगतानं नंतर दुसऱ्या पाड्यावर बस्तान हलवलं. ज्या गड्यानं मला अडवलं होतं त्यानंच कौलं चढवली, असं आशाताईनं सांगितलं. सगळ्यांना वाटलं की झालं गेलं मिटलं.

पण म्हातारीनं त्यानंतर एकाही घराचा उंबरा ओलांडला नाही. कळा सुरू झाल्या की माणसं तिच्या दारी यायची, पाया पडायची. ती म्हणायची, "मी नाय येनार. दवाखान्यात न्या." त्या पावसात एका बाईला झोळीतून नेताना ओहोळ ओलांडायच्या आधीच मूल झालं, आणि ते राहिलं नाही. ती बाई म्हातारीच्या घरापासून चौथ्या घरातली. कोणी म्हातारीला बोल लावला नाही. लावायचं तोंडच कोणाला नव्हतं.

पोरीची आई मात्र हट्टाला पेटली. ती उपकेंद्रात येऊन मला म्हणाली, "ते थेंब मला द्या. मी बघीन रोज." मी तिला औषधाची बाटली दिली, शिकवलं. ती रोज सकाळी पहिल्या हंड्याआधी विहिरीवर नळी धरायची. एकदा पावडर संपली आणि चार दिवस आली नाही, तेव्हा ती बिनपिवळ्या पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन डोंगर उतरली आणि ग्रामपंचायतीच्या टेबलावर ठेवून म्हणाली, "प्या." कोणी प्यालं नाही. संध्याकाळी पावडर आली. कठडा त्या उन्हाळ्यात बांधला गेला. या कामाचे तिला काही मिळत नाही आणि कुठल्या कागदावर तिचं नाव नाही.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. जाण्याआधी सगळ्या पाड्यांवर एकदा जाऊन आले. म्हातारी फार थकली होती. डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण पाऊल ओळखलं. मी तिच्याजवळ बसले. तिनं माझा हात हातात घेतला, बोटं चाचपली आणि इकडचं तिकडचं बोलल्यावर म्हणाली, "बाई, एक इचारू? तुमी शिकल्या हाव. खरा सांगा. माज्या हातानं तर नाय ना गेली ती पोर? मी पयल्या घरातनं उठून सरळ तिच्याकडं गेलेली."

इतकी वर्षं ती हे मनात घेऊन बसली होती. दगड मारणारे विसरले होते, साहेब विसरले असणार, कागद तर कधीचा बंद झाला होता, आणि ही आंधळी म्हातारी अजून आपले हात तपासत होती.

मला माहीत आहे की तो रोग हातानंही जातो. पुस्तकात तसं लिहिलंय, मीच बायांना तसं शिकवत आले. पण ती राखेनं हात धुवायची, हेही मी पाहिलं होतं. त्या दिवशी, त्या धावपळीत, पहिल्या घरातून उठताना तिनं धुतले होते की नाही, हे मला ठाऊक नाही. तिलाही आठवत नव्हतं.

"नाही, आजी," मी म्हणाले. "तुझ्या हातानं नाही."

"नक्की ना?"

"नक्की."

तिनं मान हलवली. तिचं समाधान झालं की नाही ते मला कळलं नाही. तिनं माझा हात सोडला आणि पाणी पिऊन जा म्हणाली.